झोपेला एक्क्याण्णव मार्क

३ फेब्रुवारी, मंगळवार

परवा आमचा जावई अतिशय येऊन गेला. तो शिरवळच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, राहतो साताऱ्यात, आणि सासुरवाडीला मोकळ्या हातानं कधी येत नाही. या खेपेला बाळाला चांदीचे वाळे, सासूला साडी आणि मला मनगटी घड्याळ. वेळ सांगणं हे त्या घड्याळाचं सगळ्यात किरकोळ काम. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं, आणि हातात घालून झोपलं की सकाळी झोपेला मार्क देतं. शंभरपैकी.

मला आज चोपन्न पडले. मॅट्रिकला याच्यापेक्षा बरे होते.

रात्रीचा आलेख मोबाइलवर दिसतो. निळी पट्टी म्हणजे झोप आणि मधेमधे लाल रेघा म्हणजे जाग. माझ्या पट्टीत लाल रेघाच रेघा. मी कुठे जागा होतो? पाठ टेकली की सकाळ, असा माझा जन्माचा शिरस्ता. दिवसासुद्धा खुर्चीत टेकलो तर पाच मिनिटांत डोळा लागतो, इतकी माझी झोप चांगली आहे.

तेव्हा या घड्याळाची परीक्षा घ्यायचं ठरवलंय आणि जे दिसेल ते इथे लिहिणार. पस्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेतोय. पोत्यावर काय लिहिलंय ते मी बघत नाही. हळकुंड काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग बोलतो.

भाग्यश्री, म्हणजे आमची लेक, बाळंतपणाला आलेली आहे. बाळ पाच आठवड्यांचं झालं. पाडव्याला लेकरू आपल्या घरी पाहिजे असा साताऱ्याच्या विहीणबाईंचा निरोप आहे. मी अतिशयला सांगून टाकलं, तू रजा घेऊ नकोस, मी माझ्या गाडीनं दोघांना आणून पोचवतो. पहिलाच नातू, आजोबानं नको का सोडायला? त्यावर आमच्या मंडळींचा, म्हणजे आक्काताईंचा, चेहरा असा झाला, जणू मी विमान चालवणार आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली परीक्षा. घड्याळ हळदीच्या पोत्याच्या कानाला बांधलं. काही दाखवलं नाही. उशीला बांधलं, गप्प. मग देवापुढच्या फण्यातलं एक केळं घेतलं आणि त्याला बांधलं. थोडा वेळ हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा आला. केळ्याची नाडी ऐंशी!

हिला हाक मारून दाखवलं. म्हणाली, "मग आता केळं जागं हाय का झोपलंय, ते बी इचारा की."

लगेच अतिशयला फोन लावला. तो हसला, पण समजावून नीट सांगितलं. पोरगा हुशार आहे. म्हणाला, "मामा, त्याला झोप दिसत नाही. तो हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्ताच्या ठोक्यानं कमीजास्त होऊन परत येतो, त्यावरून नाडी. आणि आत एक बारीक चिप आहे, ती हात हलला का ते ओळखते. हात हलत नाही, नाडी संथ आहे, म्हणजे माणूस झोपला असणार असा त्याचा अंदाज. खरी झोप मेंदूत असते. ती बघायची तर डोक्याला वायरी लावाव्या लागतात. मिरजेत करतात तसली तपासणी."

मी विचारलं, "मग अंदाज चुकतो कुठं?"

"झोपलेला माणूस ते बरोबर पकडतं. पण कोणी जागाच असेल आणि नुसता गप्प पडून असेल, तर त्यालाही झोपलेलाच धरतं. जाग ओळखण्यात कच्चं आहे."

हे मला फार आवडलं. म्हणजे घड्याळ आमच्या यार्डातल्या नवशिक्या व्यापाऱ्यासारखं आहे. वरून पिवळं दिसलं की माल चांगला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज घड्याळाला रंगेहाथ पकडलं.

रोज सकाळी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जातो आणि देवदर्शन झालं की तिथेच खांबाशेजारी सामायिकाला बसतो. दोन घटका हलायचं नाही, बोलायचं नाही, मन आत वळवायचं. वडिलांनी लावलेली सवय आहे. आज घरी येऊन मोबाइल बघतो तर त्या वेळेला निळी पट्टी! 'डुलकी' असं लिहून वर झोपलेल्या चंद्राचं चित्र. मी धर्माचरण करतोय आणि हे म्हणतंय झोपलाय.

राग आला, पण आनंदही झाला. अतिशय म्हणाला होता तेच निघालं की नाही? गप्प बसलेला माणूस म्हणजे झोपलेला. पुरावा मिळाला.

संध्याकाळी नेमगोंडा भेटला. तो बस्तीत माझ्या मागेच बसतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घड्याळाचं काय चुकलं रं? तू घोरत हुतास की."

नेमगोंडाला चेष्टेशिवाय दुसरं येत नाही. शाळेपासून असाच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लाल रेघांचा चोर सापडला. घरातलाच निघाला.

मार्क साठच्या पुढे जाईनात म्हणून मी गेले तीन दिवस विचार करत होतो. अंथरूण बदललं, पंखा कमी केला, दूध घ्यायचं बंद केलं. काही फरक नाही. आज सकाळी नाष्ट्याला सहज म्हटलं, "रात्री कोणीतरी मला ढकलतंय असं स्वप्न पडतं." भाग्यश्रीनं आईकडे बघितलं. आई पोहे वाढत म्हणाली, "सपान कसलं? मीच ढोसती कोपरानं."

मी थक्क झालो. का म्हणून विचारलं.

"आवं, श्वास थांबतोय तुमचा. घोरता घोरता एकदम गप्प हुताय. छाती हलत न्हाई. मी वाट बघती, आता घेतील, आता घेतील. न्हाई घेतला की ढोसती. मग घशातनं आवाज काढून परत सुरू."

"आणि हे कधीपासून?"

"लय दिवस झालं. सांगितलंय की तुमाला. तुमी हसण्यावारी नेता."

घोरण्याचं म्हणत असेल तर घोरतो. आमचे वडील घोरायचे, आजोबा घोरायचे, पाटलांच्या घरात गप्प कोण झोपतं? पण श्वास थांबला असता तर मी आज हे लिहायला बसलो असतो का? मुख्य मुद्दा सापडला तो वेगळाच. ही रात्रभर ढोसते म्हणून माझी झोप मोडते आणि घड्याळ ते इमानदारीनं लाल रंगात लिहितं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणते, तुमच्या पायी माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हटलं, तपासून बघू. काल घड्याळ तिच्या हातात बांधलं. नको नको म्हणत होती, पण बांधून घेतलं.

सकाळी उठल्या उठल्या विचारलं, झोप कशी झाली. म्हणाली, "पडून हुते. एकदा बाळ रडलं तवा गेले. बाकी तुमचा श्वास ऐकत पडले हुते."

मोबाइल उघडला. सात तास झोप! मार्क ब्याऐंशी! फक्त बाळाच्या वेळेला एक लाल रेघ. मी तिच्यापुढे मोबाइल धरला आणि म्हटलं, "आक्काताई, तू माझ्यापेक्षा चांगली झोपतेस. जागी असल्याचं तुला स्वप्न पडतं."

मला वाटलं हसेल. हसली नाही. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि बाळाची दुपटी धुवायला घेतली.

भाग्यश्री बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "आण्णा, बस्तीत तुम्ही हलला नाहीत तर घड्याळ खोटं, आणि आई हलली नाही तर घड्याळ खरं. असं कसं?"

शिकलेली मुलगी आहे, तिला वाद घालायला आवडतं.   सौद्याला उशीर होत होता म्हणून निघालो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मी हिला सांगितलं, थोडे दिवस तू भाग्यश्रीच्या खोलीत झोप, म्हणजे बाळाकडेही बघता येईल आणि माझाही प्रयोग होईल. तिनं लगेच उशी उचलली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पण निकाल बघा. आज सकाळी एक्क्याण्णव! निळीशार पट्टी, लाल रेघ जवळजवळ नाहीच. 'उत्तम. तुम्ही ताजेतवाने आहात' असं खाली लिहिलंय. अतिशयला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला आणि मग विचारलं, 'मामा, दिवसा कसं वाटतंय?'

दिवसा जरा डोकं जड आहे. ऊन वाढलंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सलग पाच दिवस ऐंशीच्या वर. सकाळी उठतो तेव्हा तोंडाला कोरड असते आणि कपाळ ठणकतं. पाणी कमी पीत असणार. दिवस मावळल्यावर आमच्याकडे अन्न नाही आणि मी पाणीही टाळतो, त्याचा हा परिणाम असावा.

सामायिकात घड्याळ अजूनही झोपच दाखवतं. आता तर दोन घटका पूर्ण. मी घड्याळ कंपनीला इंग्रजीत कळवायचा विचार करतोय की तुमच्या यंत्राला ध्यान कळत नाही, त्याचं वेगळं खातं काढा. भाग्यश्रीला मजकूर लिहून मागितला. ती म्हणाली, "आण्णा, आधी नेमगोंडाकाकांना विचारा, तुमची मान कुठं असते ते."

घरात सगळे माझ्याविरुद्ध एक झालेत. ही तर माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला चला, औषध घेतलं का, दार लावा. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. बाळ त्रास देत असेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज यार्डात विचित्र घोटाळा झाला.

सौद्यात बोली हळू आवाजात चालते आणि जुने व्यापारी तर बोलतही नाहीत. मी आजवर मान हलवूनच माल घेत आलोय. सौदा काढणारा माझ्या मानेकडे बघतो आणि पुढचा आकडा पुकारतो. आज पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होतो. एकदम माझ्या नावाचा पुकारा झाला आणि सगळे हसले. बघतो तर जतकडचा एक किडका ढीग माझ्या नावावर! त्या मालाकडे मी ढुंकून बघितलं नसतं. हळकुंड हातात घेतलं तर त्याचा भुगा झाला.

मी म्हटलं, मी बोलीच केली नाही. सौदा काढणारा म्हणाला, "आदगोंडाआण्णा, तुमी चारदा मान हलवली. सगळ्यांनी बघितलंय."

मान हलवली असेन. पण विचारात होतो. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. शब्द फिरवायचा नाही म्हणून माल घेतला. यार्डभर त्याचीच चर्चा. घरी सांगितलं नाही. नेमगोंडा सांगेलच.

५ मार्च, गुरुवार

मध्ये लिहिलं नाही. रात्री वही घेतली की अक्षरं पुसट होतात. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो.

आज भाग्यश्री आणि बाळाला गाडीतून बाळाच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना विश्रामबागच्या सिग्नलला लाल लागला म्हणून थांबलो. जतच्या त्या ढिगाचं काय करावं याचा विचार चालला होता. तेवढ्यात भाग्यश्रीनं मागून खांदा हलवला, "आण्णा! आण्णा!" मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. हिरवा लागलेला होता. एक मोटरसायकलवाला काचेत डोकावून काहीबाही बोलून गेला.

मी म्हटलं, "विचारात होतो गं."  आरशात बघितलं तर तिनं बाळाला दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरलं होतं.

६ मार्च, शुक्रवार

आज घरात स्फोट झाला. मी दुकानातून आलो तर ही दारातच.

"पाडव्याला गाडी तुमी चालवायची न्हाई."

मी म्हटलं, का?

"सिग्नलला झोपला हुतासा. पोरगी काल घरी आल्यापासनं रडतीया. माझं मी आजवर सोसलं. पण त्या लेकराला घिऊन तुमी गाडीवर बसणार असला तर मी चाकाखाली आडवी हुईन."

तीस वर्षांत ही माझ्याशी अशी बोलली नव्हती. मला फार लागलं. आजोबानं नातवाला त्याच्या घरी सोडायचं, त्यात एवढं काय मागितलं मी? मोबाइल काढून दाखवला, म्हटलं, बघ, अडीच आठवडे उत्तम, उत्तम, उत्तम. एवढी झोप झालेला माणूस सिग्नलला झोपेल का?

ती म्हणाली, "त्या केळ्याला बी नाडी हुती."

 खरंच, मी माल न मोडता घेतोय का? अतिशय म्हणाला होता, खरी झोप बघायची तर वायरी लावाव्या लागतात. मग लावूच. त्याला फोन करून मिरजेतली जागा विचारली. हिला म्हटलं, घड्याळ हातात ठेवून ती तपासणी करतो. दोन्हींचा मेळ बसला तर गाडी मी चालवणार आणि तू पुढच्या सीटवर बसायचं. नाही बसला तर किल्ली अतिशयच्या हातात.

"कबूल," म्हणाली. लगेच म्हणाली. माझ्यापेक्षा जास्त खात्री तिला कशाची आहे?

११ मार्च, बुधवार

मिरजेहून सकाळी परत आलो. काय अजब कारखाना आहे! डोक्याला चिकट मलम लावून वायरी, डोळ्यांशेजारी वायरी, हनुवटीला, छातीला पट्टा, पोटाला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, पायालासुद्धा. ते सगळं बांधणारी पोरगी शिराळ्याची निघाली. मी तिला प्रत्येक वायरीचं काम विचारलं. डोक्यावरची झोपेचा प्रकार सांगते, नाकाजवळची श्वास, बोटाची रक्तातला प्राणवायू. ती म्हणाली, "आवं काका, आता झोपा की. तुमी न्हाई झोपला तर मशीन काय मोजंल?"

मनगटावर आपलं घड्याळ होतंच. सोबतीला हिला बाजूच्या पलंगावर झोपायची परवानगी होती, पण ढोसायचं नाही अशी तिला ताकीद दिलेली. ती म्हणाली, "आणि लय वेळ थांबला तर?" त्या पोरीनं सांगितलं, "मावशी, आमी बघत असतो पलीकडनं. आज तुमी सुट्टी घ्या."

मला झोप झक्क लागली. घड्याळाचे सत्त्याऐंशी. परत येताना रिक्षात मी मजेत होतो. ही बाहेर बघत होती. पाडव्याला निघायच्या आधी गाडीत हवा भरून घ्यायला पाहिजे.

१४ मार्च, शनिवार

आज डॉक्टरांनी बोलावलं होतं. समीक्षा नावाची तरुण डॉक्टर आहे, सावकाश बोलते. मोठा कागद पुढे ठेवला आणि पेनानं दाखवत गेली. इथे श्वास थांबला. इथे परत. इथे प्राणवायू खाली आला. इथे मेंदू दचकून जागा झाला, श्वास घेतला आणि पुन्हा झोपला. असं तासाला चाळीसच्या वर.

"पण मी तर जागा झालो नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला आठवत नाही. दोन-चार सेकंदांची जाग असते. हात हलत नाही, म्हणून घड्याळालाही कळत नाही. किती वेळ अंथरुणात होता ते त्यानं साधारण बरोबर सांगितलं. त्या वेळात काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही."

मी विचारलं, मग आधी लाल रेघा यायच्या त्या काय? ती चोपन्न मार्कांची झोप?

"तेव्हा कोण उठवत होतं का?"

मी हिच्याकडे बघितलं. डॉक्टरनंही बघितलं. ही मांडीवरची पिशवी सारखी करत म्हणाली, "ढोसत हुते मी. मग यांनी खोली बदलायला लावली."

"म्हणजे ज्या रात्री मार्क कमी पडले, त्या रात्री तुम्ही श्वास जास्त घेतलात," डॉक्टर मला म्हणाल्या.

मी वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय. संध्याकाळपासून तीनदा वाचलं. मी महिनाभर निळ्या पट्टीचे फोटो काढून जगाला पाठवत होतो.

मग बस्तीतलं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण माझ्याच्यानं राहवेना. डॉक्टर म्हणाल्या, "रात्री इतक्या वेळा झोप मोडल्यावर सकाळी शांत बसलात तर डोळा लागणारच. तिथं घड्याळ बरोबर असावं." म्हणजे जिथं मी त्याला खोटं म्हणत होतो तिथं ते खरं होतं, आणि जिथं खरं मानलं तिथं फसलो. मला लाज वाटली. तितकंच नवलही वाटलं, ते लपवत नाही.

रात्री नाकावर मुखवटा लावायचा आहे. यंत्र हवा ढकलत राहील आणि घसा मिटणार नाही. तूर्त भाड्यानं आणलंय. गाडी मात्र आता बंद. पुढच्या तपासणीनंतर बघू म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर मी हिला विचारलं, "एवढी वर्षं दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली का नाहीस? तुला तरी सुखानं झोप लागली नसती का?"

ती म्हणाली, "आणि तिकडं तुमी श्वास घेतला न्हाईसा तर? मला कळणार कसं?"

बाकी भाग्यश्रीनं सांगितलं. महिनाभर आई तिच्या खोलीत झोपलीच नव्हती. माझ्या दाराबाहेर चटई टाकून पडायची आणि फार वेळ गप्प झालं की दाराची कडी वाजवायची.

१६ मार्च, सोमवार

मुखवट्याची पहिली रात्र झाली. दिसायला मी हत्तीसारखा दिसतो, बाळ बघून रडलं. पण सकाळी कपाळ ठणकत नव्हतं. किती दिवसांनी! सामायिकाला बसलो आणि पूर्ण वेळ जागा होतो. मन भलतीकडे पळत होतं, पण जागं होतं. नेमगोंडा म्हणाला, "आज आवाज न्हाई, आजारी हाईस काय?"

ही परत आमच्या खोलीत आली आहे. तिची मात्र झोप अजून नाही. म्हणाली, "सगळं गप्प गप्प. भ्या वाटलं. छातीवर हात ठिऊन पडले हुते." मी तिला सांगितलं की यंत्र आहे आता, तू झोप. ती हो म्हणाली. एवढ्या वर्षांची सवय यंत्राला कशी कळणार?

१८ मार्च, बुधवार. सातारा

अतिशय काल रजा घेऊन सांगलीला आला. आज निघताना मी स्वतः किल्ली त्याच्या हातात ठेवली. वाईट वाटलं. पहिल्या नातवाला मी सोडणार होतो. पण हात मागे घेतला नाही.

मी पुढे बसलो, मागे भाग्यश्री, बाळ आणि ही. सांगलीवाडीचा पूल ओलांडला तेव्हा ही बाळाच्या टोपीबद्दल काहीतरी सांगत होती. आष्टा यायच्या आधीच बोलणं थांबलं. थोड्या वेळानं भाग्यश्री हळूच म्हणाली, "आण्णा, आई झोपली."

मागे वळून बघितलं. मान काचेकडे कललेली, तोंड थोडं उघडं, हात मोकळे पडलेले. तीस वर्षं एका घरात राहिलो आणि हिला झोपलेली मी बघितलेलीच नाही. मी झोपायच्या आधी ती झोपायची नाही आणि मी उठायच्या आधी उठलेली असायची. म्हातारी दिसत होती.  अतिशयनं गाणी बंद केली.

पेठ नाक्याला त्यानं विचारलं, मामा, चहा? मी नको म्हटलं. कराडलाही नको म्हटलं. गाडी थांबली तर ती उठेल. बाळ एकदा कुरकुरलं, भाग्यश्रीनं लगेच पाजायला घेतलं. अतिशयनं प्रत्येक गतिरोधकावर गाडी अशी नेली, जशी दुधाची घागर न्यावी.

साताऱ्यात घरापुढे गाडी उभी राहिली तर विहीणबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात, चार शेजारणी ताट धरून मागे. बाळाला ओवाळायला सगळे पुढे आले. मी उतरलो आणि दोन्ही हातांनी थांबा म्हटलं. काचेतून आत बोट दाखवलं. विहीणबाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी शेजारणींना गप्प केलं. भाग्यश्री बाळाला घेऊन आतच बसून राहिली. निरांजनाला वारा लागू नये म्हणून एकीनं पदर आडवा धरला. आम्ही सगळे उन्हात उभे होतो. माझे डोळे तिच्या छातीवर होते. श्वास संथ चालला होता. मी एकेक बघत उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं तिची तिलाच जाग आली. डोळे चोळत, अंगावरचा पदर सावरत तिनं मला विचारलं, "आष्टा गेलं का हो?"

"कवाच गेलं," मी म्हटलं. "उतर आता."